टेकू

आधी उशी दिसली, माणूस नंतर. पोटिसासाठी जवस घेऊन मी पेठेतून दवाखान्याकडं निघाले होते. कापडबाजाराच्या तोंडाशी झांजा आणि शंख आडवे आले म्हणून एका दुकानाच्या ओट्यावर चढून उभी राहिले. केळीचे खुंट बांधलेलं मखर डुलत डुलत येत होतं, आणि मखरात पाठीला टेकायला निळ्या पट्ट्यांची उशी होती. तिच्या कोपऱ्याला लाल ठिगळ होतं. ते ठिगळ मी लावलेलं. कंट्रोलच्या दिवसांत कापड मिळेना म्हणून माझ्याच जुन्या इरकलीचा पदर फाडून लावलं होतं, ते मी कुठंही ओळखलं असतं. मग उशीच्या पुढं बसलेला माणूस बघितला. आडतवाले शरणप्पा. परवापर्यंत माझ्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होते. आता मांडी घातलेली, कपाळभर भस्म, डोक्याला जरीचा रुमाल, गळ्यात झेंडूचे हार, आणि पाठ ताठ, खांदे सरळ, हनुवटी किंचित वर. दमेकऱ्यानं जसं बसावं म्हणून मी आठवडाभर घसा कोरडा करून सांगत होते, तसे ते बसले होते. तसूभर चूक काढायला जागा नव्हती. मी हातातली जवसाची पुडी इतकी आवळली की कागद फाटला आणि दाणे ओट्यावर सांडायला लागले.

शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीनं हात जोडले. "पुन्यवान मानूस गं. जाताना समद्यास्नी आशीर्वाद देऊन गेला म्हनं. बोलता येईना, तरी हात वर करून आशीर्वाद दिला." मी विचारलं, "कसा वर केला हात?" तिला वाटलं, मला भक्तीनंच ऐकायचंय. तिनं आपला सुरकुतलेला तळवा आभाळाकडं केला आणि हळूहळू वर उचलला. "असा. लई येळ करत हुते म्हनं." आता हिला काय सांगू? ती खूण माझी आहे. माझ्या वॉर्डात ज्याची धाप एवढी वाढते की तोंडातून शब्द फुटत नाही, त्याला मी पहिल्याच दिवशी शिकवते : बोलू नका, बोलण्यात दम घालवू नका, नुसता तळवा वर करा, मी येते आणि तुम्हाला वर उचलून बसवते. शरणप्पा ती खूण लगेच शिकले होते. आणि घरी सगळ्या गोतावळ्याच्या मधोमध, पाठीवर आडवे पडून, ते तळवा वर करत राहिले, करत राहिले, आणि लोकांनी आशीर्वाद घेतला! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वाटलं, ओट्यावरून खाली उडी मारावी, मखराच्या पुढं जाऊन उभं राहावं आणि त्यांच्या मुलाला, मल्लिनाथला, भर पेठेत विचारावं, की बाबा, हेच बसवणं परवा का नाही जमलं? पण खाली वाकले. सांडलेले जवस गोळा केले. वॉर्डात रुद्रम्मा वाट बघत होती.

रुद्रम्मा माकणीची, विशीतली. थंडीत रात्री ज्वारीला पाणी द्यायला नवऱ्याबरोबर गेली आणि ताप भरला. काल तिची आई तिला बैलगाडीत कडब्यावर आडवी घालून घेऊन आली, तेव्हा तिच्या नाकपुड्या उडत होत्या आणि उजव्या बरगडीखाली फुप्फुस दगडासारखं झालेलं. न्यूमोनिया. डॉक्टर विरुपाक्ष सकाळीच सल्फाच्या गोळ्यांसाठी येडशीच्या स्टेशनावरून इंग्रजी हद्दीत बार्शीला गेले होते. लढाई संपली म्हणतात, पण निजामाच्या मुलखात त्या गोळ्या अजून औषधालाही सापडत नाहीत. जाताना म्हणाले, "सिद्धम्मा, संध्याकाळपर्यंत हिचा श्वास टिकव. बाकी मी बघतो." श्वास टिकव. सोपं काम सांगावं तसं बोलले. पण ते खरंच सोपं असतं. वाफारा द्यायचा, जवसाचं गरम पोटीस बांधायचं, घोट घोट पाणी पाजायचं, बेडका सुटला की थुंकीचं भांडं पुढं करायचं, आणि या सगळ्याच्या आधी बसवायचं. माणूस आडवा पडला की छातीवर सगळं ओझं येतं, बसला की फुप्फुसाला हलायला जागा होते. यात शास्त्र ते कसलं? मांजरसुद्धा धाप लागली की आडवं पडत नाही. पण आमच्या लोकांना कोण सांगणार! आमच्या म्हणजे माझ्याच. माझ्याही गळ्यात लिंग आहे. आमच्यात माणूस गेला की त्याला न्हाऊ घालतात, भस्म लावतात, भिंतीला टेकवतात, कलू नये म्हणून फडक्यानं बांधतात आणि बसवतात. बसलेलाच नेतात, बसलेलाच पुरतात. त्यामुळं टेकवून, बांधून बसवलेला माणूस म्हणजे काय, हे आमच्या घरातल्या रांगत्या पोरालासुद्धा माहीत असतं.

शरणप्पांना पहिल्या दिवशी मी तीन उशा रचून बसवलं. खाली घसरू नयेत म्हणून चादरीची घडी कमरेभोवती घेऊन खाटेच्या डोक्याकडच्या गजाला बांधली. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. श्वास आत गेला, आणखी आत गेला, आणि डोळे असे उघडले की जणू खोलीत कुणीतरी दिवा आणून ठेवला. म्हणाले, "हां. आता बरं हाय." तेवढ्यात मल्लिनाथ जेवणाचा डबा घेऊन दारात आला आणि तिथंच थिजला. डबा खाली ठेवायचंही भान राहिलं नाही त्याला. मी पाणी तापवायला मागं गेले आणि परत येऊन बघते तर चादर सोडलेली, उशा खाली, आणि शरणप्पा आडवे, तोंड वासून. मी ओरडले. मल्लिनाथ माझ्यावर ओरडला नाही, तेच वाईट. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बाई, तुमी आपल्यातल्या. जित्या बापाला असं बांधून बसवलेलं बघवतं का?" मी पुन्हा बसवलं. माझी पाठ वळली की त्यानं पुन्हा आडवं केलं. वाईट माणूस असता तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण तो बापाचे पाय चेपत बसायचा, तोंड पुसायचा, आणि तेवढ्याच मायेनं त्याचा गळा घोटायचा. पलीकडच्या खाटेवर येरमाळ्याचा बलभीम, तोही दमेकरीच, उशांच्या ढिगात राजासारखा बसून हे सगळं बघत असायचा. त्याच्यात मेलेल्याला आडवं करून नेतात. त्याला मी जरा खाली सरकवायला गेले तरी बोंब मारायचा, "अवो बाई, आडवं करू नगा, म्या अजून मेलो न्हाय!" एकाच खोलीत, एकाच रोगाचे दोघं. एक बसायला भितो, एक पडायला भितो. मी एकदा हसले होते त्याच्यावर. आता हसू येत नाही, आता बोटं दुखेपर्यंत मुठी वळतात.

मग मल्लिनाथ म्हणाला, अप्पांना घरी नेतो, घरात त्यांना बरं वाटंल. डॉक्टरांनी नाइलाजानं हो म्हटलं. मी तिन्ही उशा बरोबर दिल्या. मल्लिनाथला समोर उभं करून सांगितलं : भिंतीला टेकवा, उशा अशा लावा, झोपले तरी बसूनच झोपू द्या. तो प्रत्येक शब्दाला मान हलवत होता. "व्हय बाई. व्हय बाई." आणि उशा वापरल्या की! लावल्या भिंतीला. मी सांगितल्या तशाच लावल्या, फक्त माणूस संपल्यावर. म्हणजे त्याला समजलं नव्हतं असं नाही. समजलं होतं, लक्षात होतं, हाताला वळणही होतं. मेल्यावर वाटेल तेवढं बसा, वाजवत नेतो तुम्हाला; जिवंतपणी मात्र निमूट आडवं पडून गुदमरा, म्हणजे आमच्या डोळ्यांना बरं वाटतं. कुणाच्या डोळ्यांसाठी कुणी मरायचं? हे मी सबंध रस्ताभर स्वतःशी बडबडत होते. कचेरीसमोरचा शिपाई माझ्याकडं बघून हसला, त्यालाही एक लावून द्यावीशी वाटली.

खरं सांगायचं तर सोलापूरला मिशनच्या दवाखान्यात शिकायला गेले, तेव्हा पहिल्या सकाळी मीही दारातच अडले होते. लांबलचक वॉर्ड, आणि भिंतीकडेनं ओळीनं माणसं बसवलेली, पाठीला उशा, पुढं टेबल, त्यावर हात. मला वाटलं, एवढी मढी? मग त्यातलं एक मढं खोकलं आणि म्हणालं, "पोरी, पाणी दे." मी पाणी दिलं. मला एकदम लोहाऱ्याची आमची ओसरी आठवली. माझ्या अप्पालाही दमाच होता. थंडीत ढास लागली की तो उठून ज्वारीच्या पोत्यावर दोन्ही हात टाकायचा आणि पुढं झुकून बसायचा. कुणी शिकवलं होतं त्याला? कुणी नाही. जीव स्वतःच शिकवतो. पण माझी आई, अव्वा, धावत यायची, काका यायचा, दोघं मिळून त्याला पाठीवर आडवं करायचे. "बसू नका हो असं. पोरं भेत्यात." मी कुठं भीत होते? अप्पा आडवा पडल्या पडल्या माझ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "बसू दे गं, सिद्दी. ह्यांना सांग की." दहा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं? एका रात्री आम्हा पोरांना शेजारच्या घरी झोपायला पाठवलं. सकाळी मी सगळ्यांच्या आधी घरी पळत आले, तर ओसरीवर अप्पा बसलेला. भिंतीला टेकून, मांडी घालून, शांत. छातीतली ती शिट्टी बंद झालेली. मला इतका आनंद झाला! बसू दिलं! अखेर ह्यांनी अप्पाला बसू दिलं! धाप ओसरली की तो नेहमी पाणी मागायचा, म्हणून मी आत पळाले, तांब्या भरून आणला आणि त्याच्या ओठांना लावला. पाणी आत गेलं नाही. हनुवटीवरून गळ्यातल्या फुलांवर ओघळलं. मागून कुणीतरी मला दंडाला धरून ओढलं. बाया रडायला लागल्या. मी रडले नाही. मला राग आला होता, आणि तो आजपर्यंत उतरलेला नाही. लोक म्हणतात सिद्धम्मा तोंडाळ आहे, नवरा गेल्यापासून अशी झाली. नवऱ्याचा काही संबंध नाही. मी त्या तांब्यापासून अशी आहे.

वॉर्डाच्या दारात पाऊल टाकलं आणि पुडी हातातून पडली. रुद्रम्मा आडवी होती. निघताना मी तिला बलभीमकडून मागून घेतलेल्या दोन उशांवर बसवून गेले होते. उशा पायाशी पडलेल्या, आणि ती पाठीवर, सरळ, छातीवर आईचं घोंगडं. ओठ जांभळाच्या रंगाचे. गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. तळवा वर उठत होता, तसाच, आणि तिची आई शांताक्का तो तळवा दोन्ही हातांत घेऊन कुरवाळत होती. "निज गं माजे आई, निज." मी घोंगडं ओढून फेकलं. "पोरगी मारायची हाय का तुमाला?" शांताक्का खाटेपुढं आडवी आली. बुटकी बाई, पण रानात राबलेली. ती हलली नाही. "म्या मारती? म्या? नऊ महिने पोटात वागवली तिला! तू बसवलीस तिला भिताडाला! बांधायला बी निगाली हुतीस! तुज्या गळ्यात लिंग हाय, तुला कळंना व्हय गं, कुनाला बसवत्यात ते? जित्या लेकराचं मढं करून दावतीस मला?" बलभीम खाटेवरून म्हणाला, "अवो माय, बसू द्या की तिला, मी बसलोय न्हवं?" तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि माझ्या तोंडात जे होतं ते फार वाईट होतं. मी म्हणणार होते, नका बसवू, संध्याकाळी बसवालच की, मखर सांगून ठेवा. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत मला शरणप्पांचा मल्लिनाथ दिसला, माझी अव्वा दिसली, आणि कळलं की ही अडाणीपणानं आडवी आलेली नाही. ती घाबरलेली आहे. तिला लेक मेलेली दिसते, तिथं, त्या भिंतीशी. तिचे डोळे मी बदलू शकत नाही. भिंत मात्र काढू शकते.

मी चपला काढल्या आणि खाटेवर चढले. रुद्रम्माच्या काखेत हात घालून तिला उचललं, तिच्या मागं जाऊन बसले, माझी पाठ भिंतीला आणि तिची पाठ माझ्या छातीला. दोन्ही बाजूंना माझे गुडघे. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. लुगड्यातून तिचा ताप मला चटके देत होता. शांताक्का ओरडायला तोंड उघडून तशीच राहिली. मी म्हटलं, "अक्का, मढ्याच्या मागं असं कुनी बसतं का? कधी बघितलंय?" तिची नजर भिंतीवरून माझ्यावर आली. "सांगा की. बघितलंय का?" तिनं मान हलवली, नाही. "मग असं कुनाला धरत्यात?" आता मात्र तिच्या कपाळावरची आठी हलली. आमच्या खेड्यांत बाळंतपणात पोरीला असंच धरतात, मागून, आई नाहीतर मावशी, काखेत हात घालून, गुडघ्यांत घेऊन. रुद्रम्माचं पहिलं बाळंतपण हिनंच केलं असणार. शांताक्का बराच वेळ लेकीच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. रुद्रम्माचा श्वास माझ्या छातीला कळत होता. आधी पाखराच्या फडफडीसारखा उथळ, अडखळणारा. मग एक लांब, मग पुन्हा उथळ, मग दोन लांब. तिला खोकला आला, गंजाच्या रंगाचा बेडका सुटला, मी ओरडले, "भांडं धरा!" आणि शांताक्कानं भांडं धरलं. तोंड पुसलं. माझी कंबर भरून आली होती, मांड्या बधिर झाल्या होत्या, पण मी हलत नव्हते. मी पेठेतल्या सगळ्या लोकांवर मनातल्या मनात ओरडत होते आणि त्या ओरडण्यावर ताठ बसले होते. अखेर शांताक्कानं पदर खोचला. "सरक," ती म्हणाली. "तुला पोटीस करायचं हाय न्हवं? म्या बसते. मला ठावं हाय कसं धरायचं." मी उतरले, ती चढली. जवस वाटून, शिजवून, फडक्यात घालून मी रुद्रम्माच्या बरगडीवर बांधले. वाफारा दिला. तळव्याची खूण रुद्रम्माला कालच शिकवली होती, आता शांताक्कालाही दाखवली. आता रुद्रम्माचा हात उठला की शांताक्का, "व्हय गं, उचलते," म्हणून तिला वर ओढून घ्यायची.

दिवस कलता कलता डॉक्टर आले, गोळ्या घेऊनच आले. पहिली गोळी पाण्यात विरघळवून मी रुद्रम्माला पाजली. ती आत गेली. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली, शांताक्काकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "हिला उठवू नका तिथून." रुद्रम्माच्या ओठांवरचा जांभळेपणा उतरत होता. मी दारापाशी जाऊन वारा घेत उभी राहिले आणि समोरून मल्लिनाथ आला. अंगावर ओलं धोतर, केसांतून पाणी निथळतंय, काखेत माझ्या तीन उशा. मातीहून थेट आलेला म्हणून तो उंबऱ्याबाहेरच थांबला. दिवसभर मी याच्यासाठी शब्द धार लावून ठेवले होते. त्यानं उशा पुढं केल्या. "दवाखान्याची वस्तू. ठिवून घ्यायची न्हाय म्हनून आधी हिकडं आलो." आणि मग, जणू मी खूश होईन म्हणून, "लई कामाला आल्या बाई. अप्पा वाटभर जराबी कलले न्हाईत."

मी बोलायला श्वास घेतला. तेवढ्यात मागं खाटेवर रुद्रम्माचा तळवा वर उठला. शांताक्का म्हणाली, "व्हय गं, उचलते," आणि काखेत हात घालून तिला वर ओढलं. रुद्रम्मानं एक लांब श्वास आत घेतला. मल्लिनाथ तिकडं बघत राहिला.

"तिनं हात कशाला वर केला?" त्यानं विचारलं.

शांताक्काच बोलली, तिला बिचारीला काय माहीत समोर कोण उभा आहे. "वर उचल म्हनती. दम लागून बोलवंना झालं की असा हात करायचा, ह्या बाईनं शिकवलंय. आमाला काय ठावं, दादा? सकाळधरनं पोरगी हात करत हुती आन म्या आपली कुरवाळत बसले."

मल्लिनाथनं स्वतःचा हात पुढं घेतला. तळवा आभाळाकडं केला, हळूहळू वर उचलला, आणि माझ्याकडं बघितलं.

"असा?"

"व्हय," मी म्हणाले. "असाच."

उशा त्याच्या काखेतून खाली पडल्या. तो त्यांच्याशेजारीच मातीत बसला.

"अप्पा लई येळ करत हुते," तो म्हणाला. "आमी एकेकजन जाऊन पाया पडून घेतलं."

"हळू बोल की, दादा," आतून शांताक्का म्हणाली. "पोरीचा डोळा लागलाय."